काचेच्या पेटीतील मुशी

मराठीतले 'पाळणे' हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. आपण गाय पाळतो, कोंबड्या पाळतो, आणि त्याच क्रियापदाने दिलेला शब्द पाळतो, उपवास पाळतो, परमेश्वराच्या दहा आज्ञा पाळतो. तान्ह्या बाळाला निजवायचा तो पाळणा, त्याला वाढविणारे ते पालक, आणि मेंढरांची राखण करीत रानोमाळ हिंडणारा तो मेंढपाळ. मुके जनावर सांभाळणे आणि दिलेले वचन सांभाळणे या दोन्हींसाठी आपल्या पूर्वजांना एकच शब्द पुरला. ज्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करू इच्छितो, त्याची किल्ली या एका शब्दात आहे, असे आम्हांस वाटते.

प्रश्न तसा लहान आहे. घरातील खाऱ्या पाण्याच्या काचेच्या पेटीत शार्क मासा, म्हणजे आपल्या कोळणीच्या पाटीतली मुशी, पाळावी की पाळू नये? अमेरिकेत व युरोपात हा छंद आता रुळलेला आहे. आपल्याकडे गोड्या पाण्याचे मासे ठेवणारी घरे पुष्कळ. खाऱ्या पाण्याच्या पेट्या खर्चिक म्हणून थोड्या, पण त्याही दिसू लागल्या आहेत. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे छोटे क्लाउन मासे आणून झाले की हौशी मन पुढे धावते. शार्क हा शब्दच असा आहे की तो ऐकताच मुले डोळे विस्फारतात आणि वडीलधाऱ्यांनाही आपल्या दिवाणखान्यात काही अद्भुत असावे असे वाटू लागते. या हौशीच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. एखाद्या जीवाविषयी आपल्याला विस्मय वाटला, एवढ्यावरून तो आपल्याजवळ असावा असा अधिकार आपल्याला मिळतो काय?

शोधाच्या पहिल्याच पायरीवर नावाचा घोळ आहे. माशांच्या दुकानांत 'बाला शार्क', 'रेडटेल शार्क', 'इरिडेसंट शार्क' अशा नावांनी बोटाएवढे मासे सर्रास विकले जातात. यांतला एकही शार्क नव्हे. पहिले दोन आपल्या रोहू-कटल्याच्या गणगोतातले, आणि तिसरा शिंगाळ्याच्या नात्यातला गोड्या पाण्यातला मासा. तोच वाढून मोठा झाला की 'बासा' या नावाने हॉटेलांच्या ताटात येतो. तो मीटरभर वाढतो, हे लहानशा पेटीसह तो विकत घेणाऱ्याला बहुधा कोणी सांगत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने पशुपक्षी आदामापुढे आणले ते त्याने त्यांना नावे द्यावीत म्हणून. नाव देणे हे पवित्र काम आहे. त्यात त्या जीवाला ओळखणे अभिप्रेत असते. विक्री वाढावी म्हणून दिलेल्या नावात ओळख नसते. म्हणून पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य हेच, की आपण नेमका कोणता जीव घरी आणीत आहोत हे जाणून घ्यावे.

आता खरी शार्क. तिच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या पुष्कळ जाती सतत पोहत राहतात, कारण पोहण्यानेच त्यांच्या कल्ल्यांतून पाणी वाहते. अशांना घरातल्या पेटीत ठेवणे हा सरळ जीव घेण्याचाच प्रकार होय. प्रवाळखडकांजवळ राहणारी काळ्या टोकाची ब्लॅकटिप शार्क याच वर्गातली. २०२२ साली पनामा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिच्यासह त्या संपूर्ण कुळाचा व्यापार नियंत्रणाखाली आणला आहे. घरगुती पेटीसाठी ज्यांची नावे घेतली जातात त्या जाती तळाशी पडून राहणाऱ्या, गालांनी पाणी ओढून श्वास घेणाऱ्या आहेत. त्यांत मुख्य म्हणजे बांबू शार्क आणि ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळखडकांतली एपॉलेट शार्क. बांबू शार्कची एक करडी जात आपल्या भारतीय किनाऱ्यावरही राहते, आणि ट्रॉलरच्या जाळ्यांत इतर मासळीबरोबर ती येतही असते.

या जाती मोठ्या सुंदर आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. एपॉलेट शार्कच्या खांद्यापाशी शिपायाच्या बिल्ल्यासारखा मोठा काळा ठिपका असतो. भर ओहोटीला खडकांतल्या डबक्यात ती अडकते, पाण्यातला प्राणवायू संपत येतो, इतर मासे गुदमरतात; ही मात्र आपल्या शरीराचा व्यापार मंदावून तग धरते आणि चारही परांवर अक्षरशः चालत पुढच्या डबक्यात जाते. बांबू शार्कची अंडी चामड्याच्या पाकिटासारख्या पिशवीत असतात. ती पिशवी उजेडापुढे धरली तर आत वळवळणारा इवलासा गर्भ दिसतो. बारक्या विद्युत्प्रवाहाची जाणीव शार्कला होते. तिच्या तोंडाभोवतालच्या ज्या सूक्ष्म छिद्रांनी ती होते, त्यांचे वर्णन इटलीच्या स्तेफानो लोरेन्झिनी यांनी १६७८ सालीच करून ठेवले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील संशोधनात असे आढळले, की बांबू शार्कच्या पिशवीतील गर्भालाही जवळ आलेल्या शत्रूची ही विद्युत्-चाहूल लागते, आणि तो श्वासाची हालचाल थांबवून निपचित होतो. ज्याने अजून जग पाहिले नाही त्याला भिण्याची व लपण्याची बुद्धी देणाऱ्या निर्मात्यापुढे आपण नतमस्तक व्हावे, असेच हे आहे.

परदेशांतील दुकानांत या पिशव्याच विकायला असतात. सुमारे चार महिन्यांत पिल्लू बाहेर येते. ते वीतभर असते, तळहातावर मावेल असे. येथेच मन भुलते. कारण वीतभर पिल्लू काही वीतभर राहत नाही. जातीपरत्वे ते पाऊण मीटर ते एक मीटर वाढते, आणि नीट सांभाळले तर वीस-पंचवीस वर्षे जगू शकते. म्हणजे पहिल्या इयत्तेतल्या मुलाने हट्टाने आणलेले पिल्लू, त्या मुलाच्या लग्नात पेटीतच असेल.

मीटरभर लांबीच्या माशाला वळता यावे म्हणून पेटीची रुंदी निदान त्याच्या लांबीपेक्षा अधिक हवी. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी पेटी धरली तर तिच्यात सुमारे अठराशे लिटर पाणी मावते. पाण्याचेच वजन पावणेदोन टनांच्या वर. काच, वाळू आणि खडक वेगळे. चाळीतल्या किंवा इमारतीतल्या वरच्या मजल्याची जमीन हा भार सोसेल काय, याचाही विचार करावा लागतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबाने एवढ्या पेटीला प्रारंभीच साठ किलोंहून अधिक मीठ लागेल, तेही स्वयंपाकघरातले नव्हे तर समुद्रजलासाठी खास बनविलेले. आणि पाणी बदलाल तेव्हा त्या प्रमाणात पुन्हा.

पाणी भरले की काम संपत नाही. माशाच्या विष्ठेपासून अमोनिया हे विष तयार होते. ते पचवून कमी घातक करणारे सूक्ष्म जंतू पेटीत आधी रुजावे लागतात, आणि त्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटी रिकामीच ठेवावी लागते. हाच संयम हौशी माणसाला सर्वांत जड जातो. जंतूंच्या या कामातून उरणारे नायट्रेट वाढत गेले आणि पाण्यात आयोडीन कमी पडले, तर शार्कला माणसासारखाच गलगंड होतो. इतर माशांना रोग झाल्यास तांब्याचे औषध देतात. शार्कला ते विषासमान. वीज गेली की पंप थांबतो आणि पाण्यातला प्राणवायू घटू लागतो. पेटीवर घट्ट झाकण नसेल तर ती रात्री बाहेर झेप घेते आणि सकाळी फरशीवर मेलेली सापडते. हे सारे आम्ही भय घालण्यासाठी सांगत नाही. पाळणे या शब्दाच्या पोटात रोजचे किती काम आहे, तेवढेच दाखवायचे आहे.

यावर कोणी एक सरळ आणि प्रामाणिक हरकत घेईल, आणि ती आपल्याच घरातून येईल. ते म्हणेल, "अहो, मुशी आपण खातो. मुशीचे कालवण होते, सुकी मुशी पावसाळ्यासाठी ठेवली जाते, बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशी मुद्दाम खाऊ घालतात. जी मारून खाण्यात पाप नाही, ती जिवंत ठेवून रोज खाऊ घालण्यात कसले पाप?" ही हरकत उडवून लावण्याजोगी नाही. मासळीवर जगणाऱ्या समाजाने माशाविषयी फाजील हळवेपणा दाखवणे हे ढोंगच ठरेल. प्रभू येशूचे पहिले शिष्य मच्छीमार होते, आणि पुनरुत्थानानंतर त्याने स्वतः किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासळी भाजून त्यांना न्याहारी दिली, हे योहानाने लिहून ठेवले आहे.

तरीही खाणे आणि पाळणे यांत एक भेद आहे. मच्छीमार समुद्राकडून माशाचे मरण घेतो; पाळणारा त्याचे जगणे घेतो. मरण एकदाच घडते, आणि ते भुकेच्या गरजेपोटी घेतले जाते. जगणे मात्र रोज नव्याने घेतले जाते, वीस वर्षे, आपल्या आनंदापोटी. खाणारा माशावर प्रेम असल्याचा दावा करीत नाही. पाळणारा तो करतो, म्हणून त्याच्या कृतीला प्रेमाची कसोटी लावणे न्याय्य आहे. कसाई आणि मेंढपाळ दोघेही मेंढराला हात लावतात; पण मेंढराने उपाशी राहावे याचा दोष आपण मेंढपाळाला देतो.

आणि खाण्यालाही मर्यादा आहेच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार शार्क, पाकट आणि त्यांच्या नात्यातील जातींपैकी एक तृतीयांशाहून अधिक जाती अतिमासेमारीमुळे नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत. ही जाण मच्छीमारांनाही आली आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर एके काळी महाकाय व्हेल शार्कची सर्रास शिकार होई. २००१ साली तिला कायद्याचे संरक्षण मिळाले. परंतु केवळ कायद्याने जे झाले नसते ते २००४ पासूनच्या लोकजागृतीने झाले. कथाकार मोरारीबापूंनी तिला बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली, आणि तेथील मच्छीमार स्वतःचे महागडे जाळे कापून तिला मोकळे करू लागले. आपल्या महाराष्ट्रातही संरक्षित सागरी जीव सोडून देणाऱ्या मच्छीमाराला फाटलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची योजना २०१८ साली सुरू झाली. ज्यांचे पोट जाळ्यावर आहे ती माणसे जाळे कापतात. मग ज्यांची केवळ हौस आहे त्यांना हौस आवरणे अशक्य का असावे?

दुसरी हरकत अधिक उदात्त आहे. माणूस जे पाहतो त्यावरच प्रेम करू शकतो. १९७५ सालच्या 'जॉज' या चित्रपटाने जगभर शार्कविषयी भय पसरविले. ज्यांच्या कादंबरीवर तो बेतला ते पीटर बेंचली पुढे आयुष्यभर शार्कच्या रक्षणासाठी झटले. भयाचे रूपांतर आदरात होते ते ओळखीमुळे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. समुद्राच्या काठी राहूनही समुद्राच्या पोटात काय आहे हे ठाऊक नसलेल्या कितीतरी मुलांना ते तेथे पहिल्यांदा दिसले. मग घरातल्या पेटीत हेच घडत नाही काय?

या हरकतीचे उत्तर इतिहासातच आहे. १८४६ साली इंग्लंडमधील एका धर्मोपदेशकाच्या पत्नीने, अ‍ॅना थिन यांनी, टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी रोज ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत बसे. पुढे फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उभारण्यास हातभार लावला आणि पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिले. गॉस हा अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती होता. निर्मात्याची करणी लोकांनी डोळ्यांनी पाहावी आणि त्याचे स्तवन करावे, एवढाच त्याचा हेतू. पण पुस्तक वाचून घरोघरी पेट्या आल्या, आणि हौशी संग्राहकांच्या झुंडी किनाऱ्यांवर लोटल्या. खडकांतली जी डबकी गॉसने जीवांनी गजबजलेली पाहिली होती, ती काही वर्षांतच ओरबाडली गेली. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ साली लिहिलेल्या आठवणींत या नाशाची खंत नोंदविली आहे, आणि आपल्या वडिलांनाही त्याचे फार दुःख झाले हेही सांगितले आहे. एका भक्तिमान माणसाच्या निर्मळ आनंदातून हे घडले. विस्मय पवित्र असला तरी त्याच्या पाठोपाठ हात पुढे आला की पवित्र स्थळ रिकामे होते.

पवित्र शास्त्र याविषयी काय सांगते? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला समुद्रातील माशांवर सत्ता दिलेली आहे, हे खरे. पण त्याआधीच, पाचव्या दिवशी, परमेश्वराने त्या माशांना आशीर्वाद दिला आहे: त्यांनी फलद्रूप व्हावे आणि समुद्र भरून टाकावा. माणूस जन्मण्यापूर्वीच मासे आशीर्वादित आहेत, आणि तो आशीर्वाद समुद्र भरण्याचा आहे. दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात तर घरट्यातील पिल्ले घेणाऱ्यालाही बजावले आहे, की त्यांच्या आईला मात्र सोडून द्यावे. म्हणजे घेण्याची मुभा आहे, पण सर्वच घेण्याची नाही. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात नीतिमान माणसाची खूणच ही सांगितली आहे, की तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी करतो.

आपल्या विषयाशी सर्वांत जवळचे स्थळ मात्र ईयोबाच्या पुस्तकात आहे. एकेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर ईयोबाला समुद्रातील प्रचंड लिव्याथानाविषयी विचारतो, की पाखराशी खेळावे तसा तू त्याच्याशी खेळशील काय, आपल्या मुलींसाठी तू त्याला बांधून ठेवशील काय? मुलांच्या करमणुकीसाठी समुद्रातला हिंस्र जीव घरी बांधून ठेवण्याची कल्पना हजारो वर्षांपूर्वीही माणसाला सुचत होती, आणि परमेश्वराने तिला प्रश्नाचे रूप देऊन माणसाला त्याच्या मर्यादेची आठवण करून दिली. एकशे चारव्या स्तोत्रात तोच लिव्याथान समुद्रात खेळण्यासाठी परमेश्वराने निर्मिला असे म्हटले आहे. खेळ आहे, आनंद आहे, पण तो त्या जीवाचा आहे, आणि त्याची जागा समुद्र आहे.

धर्मसभेची शिकवणही अशीच समतोल आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, परिच्छेद २४१६ ते २४१८ मध्ये, प्राण्यांचा अन्नवस्त्रासाठी उपयोग करणे आणि काम किंवा विरंगुळ्यासाठी त्यांना माणसाळविणे न्याय्य मानले आहे. म्हणून कुत्रा, मांजर, पोपट किंवा मासे पाळणाऱ्या कोणाही कुटुंबाला येथे दोषी ठरविलेले नाही. परंतु त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला अशोभनीय आहे, आणि जो पैसा आधी माणसाचे दुःख निवारण्यास लागावा तो प्राण्यांवर उधळणेही तितकेच अयोग्य आहे, असे तोच ग्रंथ सांगतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तर फार पूर्वी सावध केले होते, की प्राण्यांशी निर्दय वागण्याची सवय माणसांकडेही वळते. आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात स्पष्ट केले, की प्रत्येक जीव माणसाला उपयोगी आहे म्हणून नव्हे, तर स्वतःच मूल्यवान आहे.

मग मूल्यवान जीवाला मान देणे म्हणजे काय? आम्हांस वाटते, जिवंत ठेवणे आणि जगू देणे यांतला फरक ओळखणे. शिकलेला, सधन माणूस शार्कला जिवंत ठेवू शकेल. पण जिच्या देहाची घडणच ओहोटीसाठी झाली आहे, तिला पेटीत ओहोटी नाही. जिला अंधारात भक्ष्याच्या हृदयाची धडधड विजेच्या लहरींतून जाणवते, तिच्याभोवती दिवसरात्र पंप आणि दिवे यांची वीज गुणगुणत असते. जी दिवसा कपारीत लपते, तिला आपण लपू दिले तर पाहुण्यांना दाखवायचे काय, आणि लपू दिले नाही तर ती भ्यालेली राहते. शिवाय मासा मुका आहे. कुत्रा कण्हतो, गाय हंबरते; माशाचा चेहरा दुःखाने बदलत नाही. ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्या धन्यावर जबाबदारी दुप्पट येते.

या साऱ्याचा अर्थ काच आणि समुद्र यांचे कायमचे वैर आहे असा नव्हे. इंडोनेशियातील राजा अंपात बेटांच्या समुद्रात झेब्रा शार्क जवळजवळ नामशेष झाली होती. निरनिराळ्या देशांतील मत्स्यालयांत मात्र तिची वीण चांगली होत होती. तेव्हा त्या मत्स्यालयांतून अंड्यांच्या पिशव्या विमानाने तेथे नेण्यात आल्या; बेटांवरील लोकांनी पिल्ले वाढविली, आणि २०२३ च्या जानेवारीत पहिली पिल्ले समुद्रात सोडली. येथेही काच आहे, पेटी आहे, पकडून ठेवलेल्या माद्या आहेत. पण पेटीचे तोंड समुद्राकडे आहे. ठेव म्हणून सांभाळले आणि मालकाला परत केले. उघड आहे, की हे काम शास्त्रज्ञांचे व संस्थांचे. एका कुटुंबाचे नव्हे. तथापि पाळण्याचा खरा नमुना त्यातून दिसतो.

घरातल्या पेटीचे तोंड मात्र समुद्राकडे उघडत नाही. मासा वाढला, खर्च झेपेना, मुले शिक्षणासाठी बाहेरगावी गेली, की पुढे काय? मोठ्या मत्स्यालयांकडे अशा दानासाठी सहसा जागा नसते. परस्पर समुद्रात सोडावे तर आपण दुसऱ्याच्या घरात आग लावीत असू. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर परक्या समुद्रातला लायनफिश १९८५ साली प्रथम आढळला, तो हौशी लोकांच्या पेट्यांतूनच आला असावा असे मानतात. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरून तेथल्या मूळच्या मासळीचा फडशा पाडीत आहे. आपल्याकडेही पेट्यांतून सोडलेला सकर मासा नद्या-तलावांत माजला आहे. नको झालेल्या जीवाला सोडून देणे म्हणजे मुक्ती देणे नव्हे. ते वचन मोडणे होय.

म्हणून ज्या कुटुंबाला ही ओढ वाटते त्याने आधी काही प्रश्न एकत्र बसून स्वतःला विचारावेत. हा जीव पूर्ण वाढल्यावर केवढा होईल, आणि तेवढी जागा आपण आजच देऊ शकतो काय? तो समुद्रातून ओढून आणलेला आहे की पेटीतच जन्मलेला? वीस वर्षे रोज त्याची देखभाल कोण करील, आणि तो नसेल तेव्हा कोण? या खर्चाच्या आधी ज्याचा हक्क आहे असे कोणी आपल्या शेजारात, आपल्या धर्मग्रामात तर नाही ना? आणि शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न: हा जीव दिवसभर कपारीत लपून राहिला, कोणालाच दिसला नाही, तरीही आपण त्याला आनंदाने सांभाळू काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर आपल्याला मासा नको आहे. आपल्याला मिरवायचे आहे. आमचे स्वतःचे मत असे, की शार्कच्या बाबतीत या सर्व प्रश्नांना मनापासून 'होय' म्हणू शकणारे घर फार विरळा.

ज्यांना उत्तर 'नाही' द्यावे लागेल, त्यांच्या मुलांचा विस्मय मात्र कोमेजू देऊ नये. गोड्या पाण्याच्या लहान पेटीतले चार गप्पी मासेही प्रामाणिकपणे सांभाळले तर मुलाला पाळण्याचा धडा मिळतो. आणि अद्भुत पाहायचे तर आपल्याला दूर जावे लागत नाही. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाने २०१७ पासून दाखवून दिले आहे, की मुंबईच्या गजबजलेल्या किनाऱ्यांवरही ओहोटीच्या वेळी प्रवाळ, समुद्रफुले, आठ हातांचे माकूल आणि कितीतरी जीव डोळ्यांनी पाहता येतात. पाहावे, ओळखावे, नाव विचारावे, आणि उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा.

संत अंतोनीची ती कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. रिमिनीच्या लोकांनी त्याचे ऐकले नाही, तेव्हा तो समुद्राकाठी गेला आणि त्याने माशांना हाक मारली. लहानमोठे मासे रांगा करून, माना वर काढून त्याचे प्रवचन ऐकू लागले. ते संपल्यावर त्याने त्यांना आशीर्वाद दिला, आणि ते आपापल्या वाटेने खोल पाण्यात गेले. त्यांतला एकही मासा त्याने घरी नेला नाही. ही कथा आपण मुलांना सांगतो तेव्हा मासे आले, एवढ्यावर थांबतो. येत्या सुटीत ओहोटीच्या वेळी मुलांना किनाऱ्यावर न्यावे आणि कथेचा उरलेला भागही सांगावा: संत किनाऱ्यावर उभा राहिला, आणि मासे परत गेले.